मदत हवी आहे: ऐकून फ्रेजल व्हर्ब कसे पक्के करावेत?

इंग्रजी वाचताना समजतं, पण ऐकताना फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’ असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारी जोडी) निसटतात. ‘पुट इट ऑफ’ कानाला ‘पुटिटॉफ’ असा एकच शब्द वाटतो; ‘पुढे ढकलणे’ हा अर्थ लागेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. बोलताना आणखी पंचाईत. आपलं क्रियापद शेवटी, तिथे कर्त्यामागोमाग. त्यात ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’! नियम पाठ आहे, तरी तोंडातून ‘टर्न ऑफ इट’च निघतं.

सध्या छोटे संवाद ऐकून एकेक वाक्य लिहून काढते. कुणी निव्वळ ऐकून वाक्यरचना जिभेवर बसवली आहे का? लिहिणं बरं, की आवाजामागोमाग लगेच म्हणत जाणं? आणि तोच संवाद आठवडाभर ऐकावा की रोज नवा?