अमेरिकेचं सरकार 'बंद पडतं' म्हणजे नक्की काय होतं?

कोथरूडचा_पक्या:
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात तिकडे शटडाऊन झालं तेव्हा बाबा पेपर वाचता वाचता म्हणाले, "पडलं का ट्रम्पचं सरकार? मग निवडणूक कधी?" म्हटलं अहो पडलं नाही, बंद पडलंय. तर म्हणे फरक काय. आणि मला खरंच सांगता येईना. राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन पक्षाचा, दोन्ही सभागृहांत बहुमतही त्याच पक्षाचं, तरी ४३ दिवस बंद? आपल्याकडे असं कधी ऐकलं नाही बुवा.

घटनाप्रेमी:
बाबांनी बरोबर नस पकडलीय. आपल्याकडे सरकार पडू शकतं म्हणूनच ते बंद पडत नाही. लोकसभेत बजेट आपटलं तर मंत्रिमंडळाला घरी जावं लागतं, त्यामुळे बहुमतवाला ते काहीही करून पास करून घेतो, निवडणूक तोंडावर असेल तर लेखानुदानावर (तात्पुरत्या खर्चाच्या मंजुरीवर) काही महिने ढकलतो, आणि राज्यसभेला धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवताच येत नाही. तिकडे राष्ट्राध्यक्षाची ४ वर्षं पक्की. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष सुरू झालं आणि खर्चाची बिलं लटकली तरी ना तो जातो ना काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) बरखास्त होते. सगळे आपापल्या खुर्चीत, कुलूप फक्त तिजोरीला.
बहुमताचं म्हणाल तर सिनेटमध्ये (तिथलं वरिष्ठ सभागृह) रिपब्लिकन १०० पैकी ५३, पण चर्चा थांबवून बिल मतदानाला आणायला ६० लागतात. विरोधातले डेमोक्रॅट्स ओबामाकेअरच्या (ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा) विमा सबसिडीवर अडून बसले होते, शेवटी त्यांच्याच बाजूचे ८ जण फुटले तेव्हा सुटलं.

खवचट_आजोबा:
थोडी भर घालतो. घटनेत 'सरकार बंद करा' असं कुठेही नाहीये, कायद्याने मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढू नका एवढंच आहे. १९८० पर्यंत मंजुरी रखडली तरी खाती बिनबोभाट चालायची, आज ना उद्या होईलच मंजूर या भरवशावर. मग तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) सिव्हिलेटी यांनी १८८४ चा जुना कायदा काढून मत दिलं की असं चालवणं बेकायदा आहे. पुढच्या वर्षी त्यांनीच सूट दिली, जीव आणि मालमत्ता वाचवणारी कामं चालू ठेवा म्हणून. एका वकिलाचा कागद, आणि अजून सगळा देश त्यावर नाचतोय.

मेरीलँडची_सून:
इथे राहणाऱ्यांना विचारा 😅 सगळं बंद नसतं. पोस्ट चालू (तिकिटं विकून चालतं ते), सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शनचे) पैसे येतात, विमानतळावर बॅगा तपासणारे आणि एअर ट्रॅफिकवाले तर कामावर येतात, फक्त बिनपगारी. २०१९ च्या कायद्याने त्यांना मागचा पगार नंतर मिळतो. पण कंत्राटावरच्या माणसांना तो कायदा लागू नाही. माझा नवरा एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर होता, २०१८-१९ च्या शटडाऊनचे ३५ दिवस घरी बसला, ते पैसे गेले ते गेलेच. शेजारीण पर्मनंट, तिला एकरकमी मिळाले, तिचं काही चुकलं नाही पण त्या महिन्यात तिच्याकडे चहाला गेले नाही मी.
आणि एच१बीवाल्या (नोकरीच्या व्हिसावाल्या) पोरांसाठी: इमिग्रेशनचं खातं फीवर चालतं म्हणून ते चालू असतं, पण आधी लागणारा एलसीए (कंपनीने पगार-अटींसाठी घ्यायचा दाखला) लेबर खात्याकडून येतो आणि तिथलं काम २०२५ मध्येही थांबलं होतं. त्यामुळे नवा अर्ज एलसीएपाशीच अडकतो.

कोथरूडचा_पक्या:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न, मग या काळात तिथल्या खासदारांचा पगार थांबतो का?

खवचट_आजोबा:
छे. त्यांच्या पगाराची कायमची वेगळी तरतूद आहे, १९८० च्या दशकातच करून ठेवलीय.

कोथरूडचा_पक्या:
हे मात्र बाबांना लगेच समजलं.