ग्रामपंचायतीला स्वतःची आपत्ती समिती करता येते का?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावात ग्रा. पं. सदस्य आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरात गावात पाणी होतं. बोट आहे पण पावसाळ्याआधी इंजिन चालू करून कोण बघत नाही, लाइफ जॅकेटचे पट्टे उंदरांनी कुरतडलेत. ग्रामसभेत म्हटलं समिती करू, थोडे पैसे बाजूला ठेवू, तर सांगितलं की हे काम कलेक्टरचं, पंचायतीला अधिकारच नाही. खरंय का?

निवृत्त महसूलवाला: अजिबात नाही दादा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ काढा. कलम २५ खाली जिल्हा प्राधिकरण, अध्यक्ष कलेक्टर आणि सहअध्यक्ष लोकनियुक्त, म्हणजे जि. प. अध्यक्ष. तुमच्या गावकऱ्यांनी एवढंच वाचलंय. पुढे कलम ४१ बघा, त्यात स्थानिक संस्थेची कामं आहेत आणि व्याख्येत पंचायत राज संस्था स्पष्ट धरल्यात. कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग द्यायचं, साधनं कधीही वापरता येतील अशी ठेवायची. तुमच्या बोटीचं इंजिन ह्यातच बसतं! कलम ३२ प्रमाणे स्वतःचा आराखडाही करायचाय, फक्त तो जिल्हा आराखड्याशी जुळता हवा.

कोथरूडकर: शहरासाठी आता वेगळं आहे बरं का. २०२५ च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या शहरांना शहरी प्राधिकरणाची तरतूद आली, अध्यक्ष आयुक्त आणि कलेक्टर उपाध्यक्ष. गावाला ते लागू नाही.

कृष्णाकाठ: धन्यवाद साहेब. ऐन पुरात डिझेल, दोर घ्यायला टेंडर काढत बसायचं का पण?

निवृत्त महसूलवाला: कलम ५० आहे ना. तातडीची खरेदी टेंडरशिवाय होते, पण तशी परवानगी प्राधिकरणाने द्यावी लागते, सरपंचाने परस्पर नाही. म्हणून तहसीलदारांना आत्ताच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या, पाणी चढल्यावर फोन लागत नाहीत.

शिरोळची ताई: आमच्याकडे ठरावात नुसतं "समिती स्थापन" लिहिलं तर काही होत नाही हो भाऊ, बोटीची किल्ली कोणाकडे, पोहणारी पोरं कोण, गरोदर बायका आणि डायलिसिसवाले कुठल्या गल्लीत, जनावरं आधी कुठे हलवायची, हे नावानिशी लिहा आणि यादी दर मे मध्ये नवी करा. खर्च गावाच्या वार्षिक आराखड्यात टाका, नाहीतर ग्रामसेवक बिल काढणार नाहीत.