पुसता न येणारी रेघ

कुणीतरी लिहिलंय की वुडकटमधला (म्हणजे लाकडी फळीवर कोरून, शाई लावून कागदावर घेतलेल्या ठशातला) चेहरा ओबडधोबड वाटतो, फोटोतली मऊ सावली त्यात येत नाही. नाहीच येत, आणि मला तीच त्याची ताकद वाटते. पेन्सिलीने आपण अंधार भरत जातो. इथे कोराल ते पांढरं राहतं, म्हणजे काळ्यातून उजेड उकरायचा. जर्मन चित्रकार केटे कोलविट्झने कार्ल लिबक्नेख्ट या मारल्या गेलेल्या समाजवादी नेत्याचं स्मृतिचित्र आधी एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून), मग लिथोग्राफीत (दगडावर रेखाटून) करून पाहिलं. मन भरेना, तेव्हा १९२० मध्ये लाकूड हाती घेतलं. त्यातले शोकाकुल चेहरे आणि हात एकदा मोठे करून बघा.

मी रे रोडवरून देवदाराची फळी आणून आजीचा चेहरा कोरायला घेतला. गालावरच्या सुरकुत्या लाकडाच्या रेषांबरोबर छान उतरल्या. पापणी मात्र त्या रेषांना आडवी. पटाशी सटकली आणि डोळ्यावरची कपचीच उडाली. शाईचा रोलर फिरवून, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला (प्रेस कुठून आणणार दादरच्या खोलीत?), तर डोळ्याच्या जागी पांढरा डाग. आजी ठसा बघून म्हणाली, "मोतीबिंदू बरोब्बर आलाय रे!"