'फ्लॅश स्पेक्ट्रम'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ (नांदेड): शाळेच्या विज्ञान मंडळासाठी सुपरनोव्हावरचा लेख मराठीत करतोय, 'फ्लॅश स्पेक्ट्रम'पाशी गाडी अडली. महाकाय तारा फुटल्यावर लगेच वर्णपट घेतला तर हीलियम, कार्बन, नायट्रोजनच्या बारीक तेजस्वी रेषा दिसतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. मी 'क्षणदीप्त वर्णपट' लिहिलं. सहकारी म्हणतात, चूक. का?

तेरणाकाठ (धाराशिव): सर, इथं लखलखतो तो स्फोट, वर्णपट नव्हे. मरायच्या आधीच्या वर्षांत ताऱ्यानं बराच वायू भोवती टाकलेला असतो. स्फोटाचा धक्का पृष्ठभागावर पोचला की अतिनील किरणांचा लोट सुटतो आणि त्या वायूतले इलेक्ट्रॉन उडवतो, म्हणजे वायू आयनित होतो. ते परत जुळताना या रेषा उमटतात. मागून येणारा मलबा वायूला गिळतो, रेषा संपल्या! '२०१३ एफएस' या सुपरनोव्हाचा वर्णपट स्फोटानंतर ६ तासांच्या सुमारास मिळाला म्हणून त्या सापडल्या. तुमचा 'क्षणदीप्त' खग्रास ग्रहणाला शोभेल. १८७० सालच्या ग्रहणात अमेरिकी खगोलज्ञ चार्ल्स यंगनी पाहिला तो सूर्याच्या कडेचा वर्णपट खरोखर क्षणभरच चमकतो. नाव एकच, भानगडी दोन.

बिंदुसरा (बीड): मग 'झळवर्णपट' म्हणा की! आग एकीकडं, पोळणारा दुसरीकडं, त्यालाच झळ म्हणतात. दुष्काळाची झळ आपल्याइतकी कुणाला कळावी?

शुद्धलेखनवाला: झळ म्हणजे उष्णता, इथे प्रकाश आहे. शिवाय समास धेडगुजरी. 'प्रस्फोट-आयनित वर्णपट' लिहा. आणि 'सुपरनोव्हा' कशाला, 'अतिनवतारा' आहे ना?

बिंदुसरा: मरणाऱ्याला 'नव' म्हणायचं, वर 'अति'? तुमचा शब्द आठवीच्या पोरांना वाचून दाखवा, मग बोलू.

मांजराकाठ (लातूर): भांडता कशाला, 'झळ' हा 'ज्वल'वरूनच आला. म्हणजे संस्कृतच झाला, घ्या.

शुद्धलेखनवाला: 'ज्वल'वरून 'जळणे'. 'झळ'चं मूळ 'झला' म्हणजे ऊन. उगाच काहीही जोडू नका.

तेरणाकाठ: ऊन म्हणजे प्रकाशच की! तुमचाच आक्षेप तुम्हीच खोडलात, दादा.

परभणीची सून: आमच्याकडं सासरी 'झाळ' म्हणतात. 'लेकराला उन्हाची झाळ लागली.' झळ मी माहेरी ऐकलं.

मांजराकाठ: ताई, झाळणं म्हणजे फुटक्या घागरीला डाक लावणं. त्याचा उन्हाशी काय संबंध?

परभणीची सून: विस्तवाशी आहे ना? आणि डाक नव्हे हो, डाग. कासार दारात बसून डाग द्यायचा, राळेचा धूर घरभर.

गोदाकाठ: मंडळी, लेख सोमवारी द्यायचाय. मे २०२३ मध्ये जपानी हौशी निरीक्षक इतागाकींनी शोधलेला 'एम १०१' दीर्घिकेतला सुपरनोव्हा, लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीनं त्याचे घेतलेले वर्णपट, एवढा अख्खा परिच्छेद या एका शब्दावर टांगलाय. तूर्त 'झळवर्णपट' लिहू का?

शुद्धलेखनवाला: माझा विरोध नोंदवून ठेवा.

मांजराकाठ: ताई, डाग कपड्याला पडतो. भांड्याला डाकच.