अनुभव धागा: दोन देशांत शाळा आणि मग कॉलेजचा अर्ज

काल माळ्यावरची बॅग उतरवली तर न्यू जर्सीच्या शाळेचं ट्रान्स्क्रिप्ट (विषय-मार्कांचा अधिकृत दाखला) हाती आलं, मागे बाबांनी पेन्सिलीने लिहिलेले फोन नंबर. नववी-दहावी तिकडे, अकरावी-बारावी पुण्यात. तिकडे दहावीला बोर्डाची परीक्षाच नसते, त्यामुळे एआययूचं (भारतीय विद्यापीठांचा संघ) समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे तिकडचं शिक्षण इथल्या बरोबरीचं असल्याचा दाखला, मागवलं, ते आलं तरी मेडिकलच्या राज्य कोट्यात बसेना, कारण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. बाबा खिडकीपाशी "अहो, आम्ही इथलेच आहोत" एवढंच परत परत म्हणत होते. तो आवाज अजून कानात आहे. तुमचंही लिहा.

सायली_नाशिक
वाचून भरून आलं गं. आमचं उलट, लेक दहावी नाशिकला करून कॅलिफोर्नियात. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) फॉर्मात नववीपासूनचा एकेक विषय आणि मार्क भरायचे, नववीचं प्रगतीपुस्तक कुठे गेलं देव जाणे, शेवटी शाळेतल्या क्लार्ककाकांनी दुपारचा डबा बाजूला ठेवून जुनं रजिस्टर काढलं आणि शिक्का मारून दिलं. त्यांना पेढे पाठवले. आणि हो, मराठी माध्यमात शिकल्यामुळे तिची इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेची अट तिथेच पूर्ण झाली! मला इतका आनंद झाला, सांगता येत नाही.

मस्कतवाला
आमची शाळा सीबीएसईच होती म्हणून समकक्षतेची भानगड नाही. आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांना डासामधून (परदेशात शिकलेल्या मुलांसाठीची प्रवेश योजना) एनआयटीला वेगळ्या जागा असतात, फी इथल्या मुलांइतकीच. जेईई मेन मात्र द्यावीच लागते. आईबाबांचं वर्क व्हिसाचं कागदपत्र जपून ठेवा रे.

रेवा
मस्कतला कुठे? आम्ही रुवीत होतो, ७ वर्षं

मस्कतवाला
दारसैतला! गणपतीला भेटलो असू नक्की

दीपाताई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. देश सोडायच्या आधी ट्रान्स्क्रिप्टच्या बंद पाकिटातल्या ४-५ प्रती घ्या आणि अपॉस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) तिथेच करून घ्या, इथून फोन करत बसलं की तिकडे रात्र असते. माझ्या भाचीचे ३ महिने त्यात गेले, पोर रडून रडून अर्धी झाली.

सायली_नाशिक
भाची आता कशी आहे ताई?

दीपाताई
फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. हसते आता. शिट्टी झाली, येते.

रेवा
दारसैतच्या त्या देवळातला प्रसादाचा शिरा आठवतो का कोणाला