कारंजा कोणतं?

(घरच्या ग्रुपवरची चर्चा, रविवार)

भाऊ (कारंजा), सकाळी ७:१२
मोठेबाबा, काल वादळात लाइन गेली तेव्हा बॅटरीवर रेडिओ लावला आणि तुमच्या नोडवर, म्हणजे रेडिओला जोडलेल्या तुमच्या संगणकावर, आमच्या तालुक्याचं पान मागितलं. डीबीशो हा कमांड देऊन यादीचं नाव आणि पुढे कारंजा टाकलं, तर उत्तर वाशिमकडचं आलं! त्यातल्या फ्रिक्वेन्सीवर अर्धा तास कान लावून बसलो, कोणी नाही. माझी स्वतःची नोंद कुठं गेली?

मोठेबाबा (आर्वी), ७:२०
थांब, पाहतो.

मोठेबाबा (आर्वी), ७:४१
सापडलं. चूक माझी हाये. बुधवारी वाशिमच्या मित्रानं त्यांच्या सहा तालुक्यांची यादी पाठवली. मी ते फाइल जशीच्या तशी डीबीइम्पोर्टनं आत टाकली. त्यांच्या यादीतबी "कारंजा" होतं. आपलं कारंजा घाडग्यांचं, त्यांचं लाडांचं. नोडले ते कसं समजन? त्याच्यासाठी एका नावाचं एकच पान. नवीन आलं का जुन्यावर बसते, विचारत नाही. तुह्यी नोंद गेली बाप्पा, मले माफ कर.

मोठीआई, ७:५०
म्हंजे दुकानाच्या खातेवहीसारखंच ना? गावात दोन शंकर होते तर मामंजी "शंकर वरची आळी", "शंकर खालची आळी" असं लिहत. नाही तर एकाची उधारी दुसऱ्याच्या पानावर.

ताई (पुणे), ८:०५
मोठीआई, अगदी तेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात: क्लस्टर नोड म्हणजे हॅम लोकांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, सामायिक फळा. कोणाला दूरचं स्टेशन ऐकू आलं की तो फ्रिक्वेन्सी टाकतो, जोडलेल्या सगळ्यांना ती दिसते. मोठेबाबांच्या नोडवर डीएक्सस्पायडर हे सॉफ्टवेअर चालतं, त्यात स्वतःच्या याद्याही ठेवता येतात. आपली यादी वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांची: संकटात कोण, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, किती वाजता, बॅटरी किती.
उपाय सोपा आहे. वही दुरुस्त करताना पूर्ण नावं लिहू, "कारंजाघाडगे" आणि "कारंजालाड".

भाऊ (कारंजा), ८:१४
ताई, वादळात, अंधारात, टॉर्च दातात धरून पूर्ण नाव कोण टाइप करणार? एक अक्षर चुकलं की नोंद सापडत नाही. माणूस "कारंजा"च टाकणार.

ताई (पुणे), ८:२२
बरोबर आहे तुझं. मग दोन वह्या वेगळ्या ठेवू. वर्ध्याची एक, वाशिमची एक, आणि डीबीक्रिएट हा नवी वही बनवायचा कमांड देताना चेन करून दुसरी पहिलीला जोडू. वर्ध्याच्या वहीत "कारंजा" मागितलं की ओळीनं वाशिमचीही चाळली जाते, दोन्ही नोंदी एकाखाली एक येतात. एकमेकीवर बसत नाहीत. नोंदीच्या पहिल्याच ओळीत जिल्हा लिहा.

लहाने काका (हिंगणघाट), ८:३०
वाशिमवाल्यांची वही त्यांच्याच नोडवर ठेवता येते ना? रिमोट म्हणून. मग आपल्याले सांभाळायचं कामच नाही.

मोठेबाबा (आर्वी), ८:४४
येते जी, पण मी नाही करणार. रिमोट म्हंजे प्रश्न तिकडं जाते अन् उत्तर तिकडून येते. लिंक तुटली का उत्तर नाही, अन् लिंक तुटते तेव्हाच ही वही लागते. प्रत आपल्याकडंच पाहिजे.
अजून एक. पॅकेट, म्हंजे रेडिओवरून अक्षरं पाठवायची आपली रीत, १२०० बॉडवर चालते, सेकंदाले फार तर दीडशे अक्षरं, अन् खरी गती त्याहून कमी. नोंद चार ओळींची ठेवा. लांबलचक लिहू नका.

भाऊ (कारंजा), ८:५१
आणि वेळ! सगळ्या नोंदींत १३३० लिहिलंय. मागच्या वर्षी मी दुपारी दीड वाजता हाका मारत बसलो होतो. ते यूटीसी, जागतिक वेळ आहे, म्हणजे आपले संध्याकाळचे सात. दोन्ही लिहा.

लहाने काका (हिंगणघाट), ९:०२
मग फाइलमधून वाशिमचं खोडून पुन्हा इम्पोर्ट करा, झालं.

ताई (पुणे), ९:१०
काका, त्यानं होणार नाही. इम्पोर्ट नवं घालतं, असलेलं बदलतं. फाइलमध्ये जे नाही ते वहीतून काढत नाही. रिसोड, मानोरा तशीच राहतील. वही पूर्ण काढून नव्यानं बांधावी लागेल: डीबीरिमूव्ह, डीबीक्रिएट, मग इम्पोर्ट.

मोठेबाबा (आर्वी), ९:२६
पोरी, डीबीरिमूव्हले हात लावायच्या आधी माझं आयक. तो कमांड "नक्की का?" असं विचारत नाही. यादीचं नाव अन् तिची डेटाफाइल, दोन्ही जाते. मागच्या पावसाळ्यात मी तेच केलं. वाटलं, मूळ फाइल हाये ना. ते टेम्प फोल्डरमधी होती अन् मधात मशीन रीस्टार्ट झालं होतं. वहीबी गेली, फाइलबी गेली. आठही तालुक्यांत एकेकाले फोन करून पुन्हा लिहून घेतलं, तीन आठवडे लागले. एक जण तोवर गाव सोडून गेला होता, त्याचं पान रिकामंच राह्यलं. ते अजून मनातून जात नाही.
म्हणून सांगतो, मूळ म्हंजे ते साधी टेक्स्ट फाइल. नोडवरची तिची नक्कल. आता एक फाइल माझ्याकडं, एक ताईकडं, एक भाऊच्या पेनड्राइव्हवर. तिघांची जुळली का मगच रिमूव्ह.

ताई (पुणे), ९:३३
मान्य. आणि प्रत्येक नोंद संपली की && ही खूण स्वतंत्र ओळीवर हवीच. देवळीनंतर ती राहिली आहे, म्हणून देवळी मागितलं की खाली सेलूही येतं, आणि सेलू मागितलं तर काहीच नाही. आत्ताच पाहिलं.

मोठेबाबा (आर्वी), संध्याकाळी ६:४०
झालं. दोन वह्या, चेन केलेल्या. डीबीअवेल, म्हंजे नोडवर कोणत्या वह्या हायेत ते दाखवणारा कमांड, त्यामधी दोन्ही दिसून रायल्या. भाऊ, पाहून सांगजो.

भाऊ (कारंजा), ७:०३
दोन्ही आले. आधी वर्धा, खाली वाशिम. फक्त माझ्या नोंदीत जुनी बॅटरी आहे, ती दिवाळीत बदलली.

मोठेबाबा (आर्वी), ७:०६
नवीन ओळ तूच लिहून पाठव, तारीख टाकून. ताईलेबी पाठवजो, तिच्या फाइलमधी आधी बदलू दे.