'रिकव्हरी'ला मराठीत काय म्हणायचं? विसावा, आराम, उतारा की आणखी काही?

गोडोलीची
साताऱ्यात आमचा बायकांचा पळायचा गट आहे. वीसेक जणी, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटाला लागतो. हाफ मॅरेथॉन तोंडावर आलीय, म्हणून १२ आठवड्यांचं एक इंग्रजी वेळापत्रक मी मराठीत उतरवतेय. त्यात 'रेस्ट' आणि 'रिकव्हरी' असे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्याला 'विश्रांती' लिहिलं. दुसऱ्याला 'विसावा' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली. म्हणाली, "विसावा तिरडीला देतात. घाट चढणाऱ्या बायकांच्या कागदावर हा शब्द नको."

मला तो शब्द मनापासून आवडला होता. आणि हा नुसता भाषेचा प्रश्न नाही माझ्यासाठी. गेल्या वर्षी मी एकही दिवस न थांबता पळाले, नडगीच्या हाडाला बारीक चीर पडली आणि दीड महिना घरात बसले. तो रकाना बायकांनी वाचावा आणि पाळावा, असा शब्द हवाय.

लोणंदवाला
आईंचं बरोबर आहे, पण अर्धंच. माऊलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड इथं मुक्काम, आणि वाटेत थोडा वेळ थांबतात तो विसावा. मुक्काम वेगळा, विसावा वेगळा. आम्ही दरवर्षी विसाव्याला खोबरेल घेऊन बसतो. मागच्या खेपेला एक आजी आल्या, तळव्याला भेग इतकी की त्यात वाटेची माती घट्ट बसलेली. कोमट पाण्यानं धुतली, तेल जिरवलं. दहा मिनिटांत उठल्या आणि चालायला लागल्या. आता ह्याला रिकव्हरी नाही तर काय म्हणायचं?

मोडीप्रेमी
'विश्राम'चं प्राकृतात 'वीसाम' झालं, त्याचा आपला 'विसावा'. म्हणजे विश्रांती आणि विसावा एकाच धातूची लेकरं. एका कागदावर दोन्ही दोन अर्थांनी वापरणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ_वाळवा
एकाच धातूचे असले म्हणून अर्थ एक राहतो का? तिरडी असो की पालखी, विसाव्याला खांदेकरी खांदा बदलतात. विसावा वाहणाऱ्याचा असतो, वाहिल्या जाणाऱ्याचा नव्हे. आणि विसाव्यानंतर पुढं जायचं असतंच. हा अर्थ 'विश्रांती'त नाही. तिथं माणूस कायमचा बसला तरी चालतं.

बाकी आमच्याकडं सांगली भागात 'रिकव्हरी' असं नुसतं छापू नका. शेतकऱ्याच्या डोक्यात पहिला येतो तो साखरेचा उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, १०.२५ टक्के रिकव्हरी धरून ठरते, त्याच्यावर प्रत्येक पॉइंटला दर वाढतो, त्यामुळं हा आकडा पारावर रोज निघतो. दुसरी रिकव्हरी म्हणजे कर्जाची वसुली. ती नोटीस ज्याच्या दारात आलीय, त्याला हा शब्द वाचून कधीच बरं वाटणार नाही.

गोडोलीची
वसुलीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या गटातल्या दोघींच्या घरी ते चालू आहे. रिकव्हरी बाद.

देवनागरी१९
मग 'उतारा'च घ्या की. थकवा उतरतो, ताप उतरतो, विषावर उतारा असतो.

मोडीप्रेमी
आणि सातबाराचा उतारा, नजरेचा उतारा, पुस्तकातला उतारा. शिवाय घाट पळणाऱ्याला उतारा म्हणजे उतारच वाटणार. आपल्याकडे 'श्रमपरिहार' हा नेमका शब्द आहे. श्रम आणि त्यांचा परिहार. इतका स्वच्छ शब्द असताना इकडे तिकडे का हिंडायचं?

लोणंदवाला
श्रमपरिहार म्हणजे जेवण हो. गणपती झाला की मंडळाचा श्रमपरिहार असतो, पुरी-भाजी आणि जिलेबी. कागदावर 'गुरुवार: श्रमपरिहार' वाचलं तर बायका विचारतील, कुणाकडं?

मोडीप्रेमी
लोकांनी अर्थ आकसून घेतला म्हणून शब्दानं जागा सोडायची का? वापरला तर तो परत रुंद होईल. आपण वापरत नाही आणि मग म्हणतो मराठीत शब्द नाही. याचा मला खरोखर त्रास होतो.

मिरज_फिजिओ
मी रोज पेशंटना हे समजावते, म्हणून लिहिते. ताई, ते दोन रकाने वेगळे आहेत ते बरोबर आहे. रेस्ट म्हणजे त्या दिवशी पळायचं नाही. रिकव्हरी म्हणजे शरीर आपली झीज भरून काढतं ते सगळं: झोप, खाणं, पाणी, हलकं चालणं. घाट चढल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास रमत गमत चालणं हीसुद्धा रिकव्हरी. उलट, दिवसभर खुर्चीत बसून रात्री चारच तास झोपलं, तर रेस्ट झाली पण रिकव्हरी झाली नाही. मोठ्या माणसाला ७ तास तरी झोप लागते, आणि वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त गाढ झोपेतच सुटतं.

मी पेशंटशी बोलताना 'भरून येणं' म्हणते. जखम भरून येते, तसं अंग भरून येतं. कुणालाही पुन्हा सांगावं लागत नाही.

कृष्णाकाठ_वाळवा
'अंग भरून येणं' आमच्याकडं ताप यायच्या आधी म्हणतात. कणकण, अंग जड. जपून.

मिरज_फिजिओ
हो, खरंय. मग 'झीज भरून येणं'.

तालमीतला
आमच्या तालमीत 'अंग आंबलं' म्हणतात. पहिल्यांदा हजार बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. वस्ताद म्हणायचे, आंबलंय, आज माती उकर आणि मालिश करून घे, कुस्ती नको. पीठ आंबतं तसं अंग आंबतं. पुढं वाचलं की स्नायूत लॅक्टिक ॲसिड तयार होतं, तेच आंबट दुधातलं. म्हणजे जुन्या लोकांना हे ठाऊक होतं!

मिरज_फिजिओ
शब्द सुंदर आहे, पण कारण ते नाही. लॅक्टिक ॲसिडचा साठा तासाभरात ओसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते म्हणून. त्या दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागतात आणि दुरुस्त झालेला स्नायू आधीपेक्षा मजबूत होतो. वस्तादांचा सल्ला मात्र शंभर टक्के योग्य.

तालमीतला
आमचे वस्ताद आणखी एक सांगायचे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीत जपानी मल्लाशी कुस्ती झाल्या झाल्या सोव्हिएत मल्लापुढं उभं केलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती, पण त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. ब्राँझ मिळालं. कराडला ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं अजून हळहळतात. ते 'विश्रांती दिली नाही' म्हणत नाहीत. 'दम खाऊ दिला नाही' म्हणतात.

देवनागरी१९
हा दम फारसी, म्हणजे श्वास. 'दमणं' मात्र संस्कृत दम् धातूवरून. दमलेला माणूस दम खातो, यात दोन भाषा एकत्र आल्या. 'आराम'चंही तसंच. बरेच जण तो फारसी म्हणून टाळतात, पण संस्कृतात आराम म्हणजे बाग, आनंदाची जागा. बौद्ध भिक्षूंचा संघाराम आठवा.

मोडीप्रेमी
संस्कृतातला आराम बाग आहे, झोप नव्हे. आज आपण वापरतो त्या अर्थाचा आराम फारसीच. दिसायला सारखे म्हणून सख्खे ठरवू नका.

देवनागरी१९
मला सख्खे ठरवायचेच नाहीत. 'औषधानं आराम पडला' असं आपली आजी म्हणते. तिथं आराम म्हणजे झोप नाही, बरं वाटणं आहे. रिकव्हरीच्या इतक्या जवळ आलेला शब्द घरात असताना तो परका म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवायचा का?

गोडोलीची
आराम मी गटात विचारून पाहिला. एक जण म्हणाली, "आराम करा असं लिहू नका, सासू वाचेल." हे ती अगदी गंभीरपणे म्हणाली. गेल्या गुरुवारी तिला पळायची सुट्टी होती, तर माहुलीला संगमावर जाऊन सहा गोधड्या धुतल्या. भिजलेली गोधडी उचलून पिळायची म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत. शुक्रवारी घाटात तिचे पाय उचलेनात. मला वाटतं शब्द असा पाहिजे की घरच्यांनाही कळेल, हे काम आहे, चैन नाही.

कृष्णाकाठ_वाळवा
मग बैलाकडून घ्या. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला हळद-लोणी चोळतात. बेंदराला जू ठेवत नाहीत. माझे वडील अंगठ्यानं हळूहळू चोळायचे आणि बैल मान खाली घालून डोळे मिटायचा. घरात कुणी म्हणत नाही की बैल आराम करतोय. बैलाचं ते देणं आहे, असं म्हणतात.

लोणंदवाला
'गुरुवार: खांदेमळणी'. मला तरी पटलं.

मोडीप्रेमी
बाईला बैलाच्या सणाचा शब्द? माझा ठाम विरोध.

कृष्णाकाठ_वाळवा
मी बैल कमी मानत नाही.

मग रानाचा घ्या. उसाचा खोडवा-निडवा, म्हणजे त्याच खोडांवरचं दुसरं-तिसरं पीक, काढून जमीन थकली की ताग पेरून गाडायचा किंवा हरभरा करायचा. पुढच्या पिकाला हरभऱ्याचा बेवड, म्हणजे त्यानं रानात मागं ठेवलेला कस, मिळतो. रान नुसतं पडून नसतं, त्यात काहीतरी भरत असतं. फिजिओ ताई म्हणाल्या तेच हे.

मिरज_फिजिओ
हो, अगदी हेच. पण पेशंटला 'बेवड करा' कसं सांगू?

तालमीतला
बेवड तो की ती? आमच्या चुलत्यांच्या तोंडी 'बेवड चांगली झाली' असतं.

कृष्णाकाठ_वाळवा
वाळव्यात तो. तासगावकडच्या पाहुण्यांना विचारून सांगतो.

गोडोलीची
छपाईला आज संध्याकाळी द्यायचंय. रकान्याचं नाव तूर्त कोरं ठेवलंय. खाली लिहिलंय: 'आज पळायचं नाही, गोधड्या धुवायच्या नाहीत, रात्री साडेनऊला झोपायचं.' आईनं वाचलं आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. बेवडचं कळलं तर मलाही सांगा.